आनंदीबाई जोशी यांची पत्रे : परमुलूख, खिन्नता आणि सख्य

मराठी-बंगाली अनुबंधाचा विचार आपल्याकडे बहुधा फोर्ट विल्यम महाविद्यालयापासून सुरू होतो. विल्यम कॅरी, वैजनाथ पंडित, १८०५चे मराठी व्याकरण आणि १८१०चा कोश हे त्यातील ठरलेले टप्पे होत. त्याच कलकत्ता-श्रीरामपूर परिसरात १८८१ ते १८८३ या काळात राहिलेल्या आनंदीबाई जोशी यांची पत्रे मात्र या अनुबंधात सहसा धरली जात नाहीत.

१८८३मध्ये, कॅरी ज्याच्या संस्थापकांपैकी एक होते त्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयात, आनंदीबाईंनी अमेरिकेस जाण्याची कारणे मांडली. रस्त्याने जाताना होणाऱ्या टवाळीचा उल्लेख त्या भाषणात आहे. चौदाव्या वर्षी झालेला पुत्रवियोग, ढासळती प्रकृती आणि परका मुलूख या पार्श्वभूमीवर न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी १८८०पासून चाललेला पत्रव्यवहार वाचावा लागतो. या खिन्नतेला आजच्या वैद्यकातील 'नैराश्य' ही संज्ञा लावणे उतावीळपणाचे ठरेल. परंतु दुःख सांगण्याजोगे माणूस शोधण्याची धडपड त्यात निश्चितच आहे.

न पाहिलेल्या या स्त्रीला आनंदीबाई 'मावशी' मानतात, हे लक्षणीय आहे. परकेपणावरचा हा नात्याचा तोडगा आहे. मावशीजवळ मन मोकळे करता येते. पण मावशी वडीलधारी असते आणि परमुलखाचे दुःख तिने स्वतः भोगलेले नसते. आजचे स्थलांतरित स्त्रियांचे आधारगट ज्या समदुःखी बरोबरीवर उभे असतात, ती येथे अर्धीच साधते. त्या बरोबरीची शक्यता पंडिता रमाबाईंच्या रूपाने समोर येते. त्यांनाही कलकत्त्याने १८७८मध्ये गौरविले होते. वैधव्यानंतर १८८२मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला आणि मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियातील पदवीदानास त्या उपस्थित राहिल्या. 'मावशी'कडून 'समाजा'कडे, म्हणजे नात्याकडून संघटनेकडे जाणारी ही वाट आहे. न्यू जर्सीतच १८८५नंतर शंभर वर्षांनी, १९८५मध्ये, दक्षिण आशियाई स्त्रियांनी 'मानवी' ही संस्था उभारली. तिचा रोख घरगुती हिंसेवर असला, तरी गरज त्याच जातीची होती.

काशीबाई कानिटकरांनी १८८९च्या चरित्रग्रंथात पत्रांना मानाचे स्थान दिले. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने, शीर्षकापासूनच, पतिपत्नीसंबंध केंद्रस्थानी आणला. कादंबरीचे यश मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्यामुळे स्त्रीने स्त्रीशी साधलेला संवाद वाचकांच्या स्मृतीत मागे पडला. आनंदीबाई कोणाच्या इच्छेने घडल्या, हा प्रश्न आपण पुष्कळ चर्चिला. त्या कोणाच्या आधाराने तगल्या, हा प्रश्न पत्रांत आहे आणि तौलनिक अभ्यासाने तो आता हाती घ्यावयास हवा.