नाव सोपे झाले, संख्या कळली का?

बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘बासष्ट’बरोबर ‘साठ दोन’ असे वाचन दिले. त्यावर विधानसभेतही विनोद झाले. बदलामागचे कारण मात्र योग्य होते. ‘बासष्ट’मध्ये दोन आधी ऐकू येतात, म्हणून मूल २६ लिहिते.

उणीव दुसरीकडे आहे. नाव सुटसुटीत केल्याने ‘किती’ ते कळत नाही. ती जाण बालवाडीतच घडायला हवी. वणीच्या मुलांच्या तोंडी ‘सप्तशृंगी’ असते. त्यांच्यापुढे सात चिंचोके जवळजवळ आणि सहा लांबलांब मांडून पाहा. ‘जास्त कुठे?’ विचारल्यावर बरीच मुले लांब ओळ दाखवतील. मग त्यांनाच जोड्या लावू द्या. उरलेला चिंचोका उत्तर सांगेल. पुस्तकातले छापील चित्र असे हलवता येत नाही.