दोघांचे एकटेपण : जोडीच्या गौण पात्रांचा कथनव्यवहार

कथनात्मक साहित्यातील गौण पात्रांचा विचार सामान्यतः एकेकट्या पात्राच्या अंगाने केला जातो. ई. एम्. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये 'सपाट' आणि 'गोलाकार' असा पात्रभेद केला, तेव्हा त्यांच्यासमोर एक एक पात्र होते. आपल्याकडील शास्त्रविचारही याला अपवाद नाही. 'दशरूपका'त धनंजयाने प्रासंगिक वृत्ताचे पताका आणि प्रकरी असे दोन भेद मानले, पताकेच्या नायकाला पीठमर्द म्हटले आणि तो मुख्य नायकाहून गुणांनी किंचित उणा असावा, असे सांगितले. सुग्रीव हे त्याचे परंपरेने दिलेले उदाहरण. पीठमर्द, विट, विदूषक हे सारे नायकाचे सहायक एकवचनी आहेत. परंतु कथासाहित्यात, रंगभूमीवर आणि विशेषतः जपानी मांगा व ॲनिमे या प्रकारांत सहायकांचा असा एक वर्ग वारंवार आढळतो, की ज्याचे घटकमान एक नसून दोन आहे. ही दोन पात्रे एकत्र येतात, एकमेकांचे वाक्य पुरे करतात आणि एकत्रच विस्मृतीत जातात. या वर्गाला कोणतेही प्रस्थापित नाव नाही. ते नसणे हे समीक्षेच्या एका गृहीताचे द्योतक आहे : 'पात्र' म्हणजे 'व्यक्ती', हे ते गृहीत होय.

या गृहीताला प्रथम धक्का बसतो तो 'हॅम्लेट'मधील रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न यांच्यापाशी. गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर' (१७९५-९६) या कादंबरीत 'हॅम्लेट'च्या प्रयोगाची चर्चा चालू असता या दोघांचे एकच पात्र का करू नये, असा प्रश्न निघतो, आणि तो पर्याय ठामपणे फेटाळला जातो. हे दोघे जे आहेत आणि जे करतात ते एका माणसाकडून दाखविता येणारे नाही. ते समूहातच काही तरी असतात, किंबहुना ते म्हणजेच समाज आहे, असा त्या युक्तिवादाचा आशय आहे. येथे एक मूलभूत गोष्ट हाती लागते. लाळघोटेपणा ही एका माणसाची वृत्ती असू शकते. पण दोघांनी मिळून, एकमेकांच्या साक्षीने केलेला लाळघोटेपणा ही व्यवस्था असते. एकाचे दोन होताच स्वभावाचे रूपांतर संस्थेत होते. गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल' (१८३६) मधील बॉबचिन्स्की आणि डॉबचिन्स्की या दोघांचेही नाव प्योत्र इवानोविच आहे. खोटी बातमी गावात आणण्याचे काम लेखकाने त्यांच्याकडे द्यावे, यातील औचित्य उघड आहे. अफवेला एक तोंड पुरत नाही.

अशा समरूप जोडीतून हास्य का निर्माण होते, याचे एक उत्तर बेर्गसाँच्या हास्यमीमांसेत (१९००) मिळते. जिवंत माणसात पुनरावृत्ती दिसली, की तेथे यंत्राचा भास होतो आणि त्या भासातून हसू उमटते. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. ते जोडीच्या बाह्य रूपाला लागू पडते. जोडीच्या आत काय घडते याविषयी ते मौन बाळगते. जपानी परंपरेकडे वळल्यावर हे अपुरेपण ठळकपणे जाणवते, कारण तेथील जोडीचा पाया साम्य हा नसून विभागणी हा आहे.

'मांझाई' या जपानी विनोदी संवादप्रकारात दोन कलावंत असतात. त्यांतील एक 'बोके', म्हणजे भलतेच बोलणारा, आणि दुसरा 'त्सुक्कोमी', म्हणजे त्याला टोकणारा. या प्रकाराचे आधुनिक रूप १९३० च्या दशकात ओसाकात स्थिरावले. येथे विनोद कोणा एकाच्या बोलण्यात नसतो. तो चूक आणि दुरुस्ती यांच्या मधल्या क्षणात असतो. त्याहून जुना आणि भारतीय वाचकाला अधिक जवळचा संकेत म्हणजे बौद्ध मंदिरांच्या महाद्वारी उभे असणारे दोन निओ. नारा येथील तोदाइजी मंदिराच्या दक्षिण महाद्वारातील निओमूर्ती १२०३ मधील आहेत. त्यांतील एकाचे मुख उघडे, तर दुसऱ्याचे मिटलेले असते. उघड्या मुखातून 'अ' आणि मिटलेल्या मुखातून 'हूँ' हे ध्वनी सूचित होतात. मूळ संस्कृत असलेल्या या वर्णांचे जपानी रूप 'आ-उन' असे झाले, आणि दोन माणसांमधील अबोल मेळाला 'आ-उनचा श्वास' म्हणण्याची रीत त्या भाषेत रूढ झाली. द्वारपाल दोन असतात ते केवळ दाराला दोन बाजू असतात म्हणून नव्हे. आरंभ आणि अंत यांच्यामधला सारा अवकाश त्या दोघांनी मिळून धरलेला असतो. देवता आत आहे, हे दोघे दारात आहेत. जोडीच्या गौण पात्राचे कथनातील स्थान याहून अचूकपणे सांगता येणार नाही.

लोकप्रिय कथनाने हा संकेत सहज आत्मसात केला. १९६९ ते २०११ या काळात दूरचित्रवाणीवर चाललेल्या 'मितो कोमोन' या मालिकेत वेषांतर करून फिरणाऱ्या वृद्ध सरदाराच्या दोन बाजूंना सुके-सान आणि काकु-सान हे दोन सेवक असतात, आणि अखेरीस राजचिन्हाची डबी उंचावून स्वामीची खरी ओळख जाहीर केली जाते. सत्ता स्वतःची ओळख स्वतः करून देत नाही. ती तिच्या दोन बाजूंनी करून दिली जाते. तात्सुनोको संस्थेच्या 'याटरमॅन' (१९७७) या ॲनिमेने हीच रचना खलपक्षाकडे नेली. दोरोंजो ही नायिकासदृश खलनायिका, तिचा यंत्रकुशल सहायक बोयाकी आणि बलदंड सहायक तोन्झुरा. बुद्धी आणि बल यांची अशी वाटणी करून एका 'पूर्ण' अनुयायाचे दोन अपूर्ण अनुयायी बनविले जातात. १९९० च्या 'नादिया' मालिकेतील ग्रँडिस आणि तिचे दोन साथीदार सॅन्सन व हॅन्सन हे याच वंशातले. 'पोकेमॉन' (१९९७) मधील मुसाशी आणि कोजिरो यांची नावे तर इतिहासातील दोन प्रतिस्पर्धी खड्गवीरांची आहेत. ज्या दोघांच्या द्वंद्वाची आख्यायिका झाली, त्यांच्या नावांतून एक अभेद्य जोडी निर्माण करणे हा विडंबनाचा सूक्ष्म प्रकार आहे. वीरगाथेत ज्यांच्यापैकी एकालाच उरता येते, ते दोघेही विनोदिकेत उरतात.

येथवरचे विवेचन जोडीच्या कार्याचे झाले. खरा प्रश्न या कार्यासाठी दिल्या जाणाऱ्या किमतीचा आहे. ॲलेक्स वोलॉक यांनी 'द वन व्हर्सेस द मेनी' (२००३) या ग्रंथात कथनातील अवधान ही मर्यादित संपत्ती मानली आणि पात्रे तिच्या वाट्यासाठी झगडतात, अशी मांडणी केली. त्यांच्या मते गौण पात्र एकतर राबणाऱ्या कामगारासारखे कार्यात विरून जाते किंवा विक्षिप्त बनून उफाळते. ही मांडणी जोडीला लावली, की असे दिसते, की जोडीतील पात्राचा वाटा दुहेरी कपातीचा आहे. नायकापुढे ते गौण असतेच. शिवाय जे थोडके अवधान मिळते तेही त्याला अर्धेच मिळते. साप्ताहिक मांगामध्ये ही टंचाई अधिक तीव्र असते. पृष्ठे मोजकी, पात्रे शेकडो आणि 'शोनेन जम्प'सारख्या साप्ताहिकात वाचकांच्या कौलावर कथामालेचे भवितव्य अवलंबून. अशा अर्थव्यवस्थेत जोडी ही काटकसरीची युक्ती ठरते, कारण दोन चेहरे एकाच ओळखीच्या खर्चात भागतात. मांगासमीक्षक इतो गो यांनी २००५ मध्ये 'क्यारा' आणि 'क्याराक्ता' असा भेद केला. रेषांनी आणि नावाने ओळखू येणारी आकृती ती क्यारा. जिच्यामागे जगलेले आयुष्य जाणवते ती क्याराक्ता. जोडीतील गौण पात्र बहुधा पहिल्या पायरीवरच थांबविलेले असते.

किशिमोतो मासाशी यांच्या 'नारुतो' (१९९९-२०१४) मधील इझुमो आणि कोतेत्सु यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. एकाच्या डोळ्यावर केस, दुसऱ्याच्या नाकावर पट्टी, एवढीच त्यांची ओळख. चूनिन परीक्षेच्या प्रसंगी ते वेष पालटून एका दाराशी वाट अडवून उभे असतात. पुढे ते गावाच्या वेशीवर पहारेकरी म्हणून दिसतात. निओंचा संकेत येथे अगदी वाच्यार्थाने अवतरला आहे. परंतु असुमा या शिक्षकाच्या अखेरच्या लढाईत हे दोघे दारातून रणांगणात येतात. त्याच्या तुकडीत शिकामारुसह तेही असतात आणि त्याचा मृत्यू ते डोळ्यांनी पाहतात. यानंतर कथनाने केलेली शोकाची वाटणी लक्षणीय आहे. मरणाऱ्याचे अखेरचे शब्द त्याच्या तीन शिष्यांसाठी आहेत. सूडाचा अधिकार, अश्रूंची पृष्ठे आणि प्रौढ होण्याची संधी शिष्यांकडे जाते. इझुमो आणि कोतेत्सु यांनी तेच पाहिले, पण त्यांच्या पाहण्याचे पुढे काही होत नाही. ते पुन्हा जोडी होतात. साक्षीदार असणे आणि शोकाचा धनी असणे यांमधील हे अंतर हा गौणत्वाचा खरा अर्थ आहे. गौण पात्राला मरण नाकारले जात नाही, ते मुबलक मिळते. त्याला नाकारला जातो तो शोक.

मग जोडीतील पात्राला व्यक्तिमत्त्व केव्हा लाभते? काफ्काच्या 'द कॅसल' (१९२६) मध्ये याचे जे उत्तर सापडते ते अस्वस्थ करणारे आहे. के. ला मिळालेले दोन साहाय्यक, आर्थर आणि जेरेमियास, त्याला वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून तो दोघांनाही एकाच नावाने हाक मारायचे ठरवितो. पुढे आर्थर तक्रार घेऊन किल्ल्याकडे निघून जातो आणि जेरेमियास एकटा समोर येतो, तेव्हा के. त्याला ओळखतच नाही. तो वयस्क, थकलेला दिसतो. एकटा असल्यामुळे तारुण्याचा उल्हास गेला, असे तो स्वतःच सांगतो. म्हणजे वय, शरीर, थकवा ही व्यक्तित्वाची सारी लक्षणे त्याला प्राप्त होतात ती जोडी तुटल्यावर. व्यक्तित्व ही येथे भर नसून झीज आहे.

ओदा एइचिरो यांच्या 'वन पीस' (१९९७ पासून) मधील कोबी आणि हेल्मेप्पो यांच्या वाटचालीतही हाच नियम आढळतो. एक भित्रा चाकर, दुसरा उद्दाम अधिकाऱ्याचा लाडावलेला मुलगा. त्यांची जोडी मुख्य कथेत जमत नाही. ती जमते प्रकरणांच्या आरंभीच्या मुखपृष्ठचित्रांच्या स्वतंत्र मालिकेत, म्हणजे शब्दशः कथेच्या उंबरठ्यावर. पुढे महायुद्धाच्या प्रसंगी हा संहार थांबवा, असे ओरडत कोबी नौदलाच्या बलाढ्य सेनानीपुढे उभा राहतो, तेव्हा तो एकटा उभा राहतो. त्या क्षणी तो जोडीतून सुटतो आणि कथेचा होतो. मागे उरलेल्या हेल्मेप्पोला स्वतःचे कथानक मिळते ते फार नंतर, कोबीचे अपहरण झाल्यावर, त्याला सोडविण्याच्या तळमळीतून. एकाला धैर्याने व्यक्ती केले, दुसऱ्याला अभावाने.

या उदाहरणांवरून जोडी म्हणजे व्यक्तित्वाचा अभाव आणि जोडी तुटणे म्हणजे त्याची प्राप्ती, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो काढल्यास समीक्षा पुन्हा त्याच मूळ गृहीताकडे परतेल. एकट्याचे अंतरंग हेच मूल्य, ही धारणा आधुनिक कादंबरीने रुजविली. तिला सार्वत्रिक मानण्याचे कारण नाही. कुरोसावा यांच्या 'हिडन फोर्ट्रेस' (१९५८) या चित्रपटाची रचना याबाबतीत निर्णायक ठरावी. ताहेइ आणि माताशिची हे दोन लोभी, भेकड शेतकरी आरंभी भांडत भांडत येतात आणि वेगळे होतात. राजकन्या, सेनापती, लपविलेले सोने ही सारी वीरकथा त्यांच्या कडेकडेने घडते. शेवटी बक्षीस म्हणून त्यांना सोन्याचे एकच नाणे मिळते, आणि इतका वेळ वाट्यासाठी झगडणारे ते दोघे ते नाणे एकमेकांना देऊ लागतात. चित्रपट त्यांच्यापाशी सुरू होतो आणि त्यांच्यापाशीच संपतो. राजकन्येला आपले राज्य पुन्हा उभारण्याची संधी मिळाली, सेनापतीला कर्तव्य पार पाडल्याचे समाधान; पण बरोबरीच्या नात्याने वाटून घेण्याजोगे काही मिळाले ते या दोघांनाच. जॉर्ज लुकास यांनी 'स्टार वॉर्स' (१९७७) मधील दोन यंत्रमानवांमागे या जोडीची प्रेरणा असल्याचे मान्य केले आहे. तेथे माणसांची जागा यंत्रांनी घेतली, तरी सख्य टिकले.

नायक हा घडणीनेच एकाकी असतो. त्याला शिष्य, शत्रू, गुरू, प्रेयसी सर्व काही मिळते. बरोबरीचा सोबती मिळणे मात्र कठीण, कारण कथनातील उंची त्याला सर्वांपासून दूर नेते. जोडीच्या गौण पात्रांपाशी अंतरंग नसेल, परंतु जे नायकाला वर्ज्य आहे ते सख्य आहे. म्हणून त्यांच्या संदर्भात 'यांना पुरेसे व्यक्तिमत्त्व दिले काय?' एवढेच विचारून भागणार नाही. त्यांच्या सख्याला कथनाने अवकाश दिला, की केवळ उपयोगाचे साधन मानून दाराशी उभे केले, हा प्रश्नही विचारावा लागेल. कुरोसावांच्या चित्रपटाला त्याचे उत्तर देता येते. 'नारुतो'ला, असुमाच्या मृत्यूनंतरच्या त्या प्रसंगांत, ते देता येत नाही. आणि तिची इतर बलस्थाने मान्य करूनही ही उणीव उणीवच राहते. पताका आणि प्रकरी यांच्यापलीकडे, दोघांच्या मिळून होणाऱ्या एका घटकाला सामावणारी संज्ञा जोवर पात्रविचारात येत नाही, तोवर अशी उणीव नजरेस पडणेही अवघड आहे.