पांढरीची माती

पडक्या वाड्यात फोटो काढायची आता एक ठरलेली पद्धत आहे. उन्हाची तिरीप, पोपडे सुटलेली भिंत, कोनाड्यात उगवलेलं पिंपळाचं रोप. असे फोटो मलाही आवडतात. पण त्यांत पडझड फक्त माणसाच्या मागे उभी असते. ती स्वतः काही घडवते, हे दिसत नाही. ते पाहायचं तर मी शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं नाव घेईन.

घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी वसलेलं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. महाल नाही, शिलालेख नाही. राखेचे खड्डे, जनावरांची हाडं, खापरं. झोपडीचा खांब कुजून गेला, पण त्याच्या जागी वेगळ्या रंगाच्या मातीचं वर्तुळ राहिलं. ही वर्तुळं जोडत गेलं की घराचा आकार दिसतो. नाहीशा झालेल्या लाकडाने काढलेलं हे रेखाटन मला कुठल्याही नक्षीइतकं देखणं वाटतं.

इथली शिर नसलेली देवी प्रसिद्ध आहे. तिचं शिर तुटलेलं नाही. ते घडवलेलंच नाही. मूर्ती न भाजलेल्या मातीची. बैल आणि झाकणाची मातीची पेटी यांच्यासह ती घराच्या जमिनीखाली पुरली होती. उघड्यावर एका पावसात विरघळली असती. पोळ्याचे बैल आणि शाडूचा गणपती करणाऱ्यांना अशी माती परकी वाटू नये. टिकणं हीच कलेची कसोटी, हे आपल्या घरांनी कधी पुरतं मानलेलं नाही.

इ.स.पू. १०००च्या सुमारास गाव पालटलं. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली. म. के. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. या टप्प्याला सहसा ऱ्हास म्हणतात. पाऊस हुकला की काय होतं, हे शिरूर-दौंडच्या जिरायती पट्ट्याला सांगावं लागत नाही. दुष्काळाला सुंदर म्हणणं निर्दयपणाचं आहे. तरीही ती गोल झोपडी मला नुसती घसरण वाटत नाही. थोड्या सामानात, थोड्या वेळात उभं राहणारं घर कुणीतरी विचार करून शोधलं होतं. समीक्षेने भूक झाकू नये, आणि भुकेतली कारागिरीही नजरेआड करू नये.

मराठीत गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात, शेताच्या जमिनीला काळी. पडलेल्या भिंती, राख, शेण पिढ्यान् पिढ्या साचून पांढरीचं टेकाड होतं. कित्येक गावांत शेतकरी जुन्या पांढरीची माती खत म्हणून काळीत नेऊन टाकत. पुरातत्त्वाचं त्यात नुकसान झालं, हे खरं. पण पडलेल्या घरातून पीक येतं, ही समज त्या गाड्या भरणाऱ्यांकडे होती.

पुढच्या वेळी पडक्या भिंतीचा फोटो काढाल, तेव्हा तिच्या पायाशी साचलेल्या मातीचाही एक काढा.