जुन्या कागदांतील ‘गुन्हेगारी’ आणि आजचा वाचक

ऐतिहासिक कागद वाचतांना अक्षर न लागल्यामुळें होणाऱ्या चुका फार दिवस टिकत नाहींत. दुसरा कोणी तोच कागद उजेडांत धरतो आणि दुरुस्ती होऊन जाते. पण अक्षर बरोबर लागूनहि अर्थ चुकला, तर ती चूक एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत जात राहते. कारण शब्द ओळखीचा असतो आणि ओळखीच्या शब्दाविषयीं शंका घेण्याचें कोणास सुचत नाहीं. न्यायनिवाड्याच्या कागदांत अशा ओळखीच्या, आणि म्हणूनच फसव्या, शब्दांचा भरणा मोठा आहे. खाजगी संग्रहांच्या याद्या, ग्रामेतिहास, कुलवृत्तान्त यांत हे शब्द आजच्या फौजदारी कायद्याच्या मापानें मोजण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस सदोष वाटते. तिचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

प्रथम ‘गुन्हेगारी’ हाच शब्द घेऊं. आज ‘गुन्हेगारी’ म्हणजे गुन्हे करण्याची वृत्ति, किंवा एखाद्या प्रदेशांत घडणाऱ्या गुन्ह्यांचें प्रमाण. मराठेशाहीच्या कागदांत मात्र हा शब्द बहुधा पैशाचा आहे. गुन्हेगारी म्हणजे दंडाची रक्कम. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींतहि दंड हाच अर्थ दिलेला आढळतो. वतनाच्या वादांत जो जिंकला त्यानें सरकारांत ‘हरकी’ भरावयाची आणि जो हरला त्यानें ‘गुन्हेगारी’, असा परिपाठ होता. आतां पाटिलकीच्या वडीलपणाविषयीं दोन भावांचें भांडण लागलें, एकाची बाजू पडली आणि त्यानें गुन्हेगारी भरली, तर आजच्या अर्थानें त्यानें गुन्हा तो कोणता केला? तंटा केवळ वतनाचा आहे. तरीहि अशा कागदावर ‘अमुकाचा गुन्हा व शिक्षा’ अशी चिठ्ठी चिकटविली, की एक निरपराध घराणें कायमचें कलंकित होतें. गांवच्या हिशेबांत ‘गुन्हेगारी’ या बाबीखालीं रक्कम जमा दिसली म्हणून त्या सालीं गांवांत चोऱ्यामाऱ्या वाढल्या होत्या, असें अनुमान काढणेंहि तितकेंच निराधार आहे. ती रक्कम जमेची बाब आहे. तिच्यावरून गुन्ह्यांची संख्या ठरत नाहीं.

ही गोष्ट केवळ फारसी शब्दापुरती किंवा उत्तरकालापुरती नाहीं. ताम्रपट हाताळणाऱ्यांस ‘सदण्डदशापराध’ हें विशेषण परिचयाचें आहे. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत गांव देतांना दहा अपराधांबद्दलच्या दंडासह तें दिलें जातें. दान मिळालेल्या ब्राह्मणास दहा अपराध दिले असें कोणी म्हणत नाहीं. त्या अपराधांचें उत्पन्न दिलें असेंच आपण समजतों. ताम्रपट वाचतांना जो विवेक सहज राहतो, तो मोडी कागद वाचतांना कां सुटावा? आमच्या मतें याचें कारण एवढेंच, कीं संस्कृत समास परका वाटतो म्हणून आपण सावध असतों, आणि ‘गुन्हेगारी’ घरची वाटते म्हणून बेसावध.

दुसरा दोष वर्गीकरणाचा. संग्रहाची यादी करतांना ‘दिवाणी’ व ‘फौजदारी’ अशीं दोन दप्तरें बांधण्याचा मोह होतो. मोगली व्यवस्थेंत फौजदार हा एका सरकारांतील लष्करी बंदोबस्ताचा अधिकारी; त्याचें काम व त्याचा अंमल ती फौजदारी. गुन्ह्यांचा कायदा तो फौजदारी आणि हक्कांचा कायदा तो दिवाणी, हा आज रूढ असलेला भेद ब्रिटिश अंमलांतल्या अदालतींनीं पक्का केला. वॉरन हेस्टिंग्सनें १७७२ सालीं बंगाल्यांत दिवाणी व फौजदारी अशा दोन अदालती ठरविल्या. मुंबई इलाख्यांत १८२७ च्या १४ व्या रेग्युलेशनानें गुन्हे व त्यांच्या शिक्षा नमूद केल्या. पुढें १८६० चा दंडसंग्रह १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला आणि १ जुलै २०२४ पर्यंत चालला. त्याच्या जागीं आतां २०२३ ची भारतीय न्याय संहिता आहे. गोतसभेपुढें मात्र हा भेद नव्हता. तेथें ‘अग्रवादी’ व ‘पश्चिमवादी’, म्हणजे आधीं बोलणारा व मागून बोलणारा, असे दोन पक्ष. त्यांस फिर्यादी व आरोपी म्हणतां येत नाहीं. दोघांची तकरीर घ्यावयाची, दोघांकडून जामीन घ्यावयाचे, पुरावा न पुरला तर दिव्य करावयाचें, आणि शेवटीं महजर किंवा निवाडपत्र करून द्यावयाचें. एकाच कागदांत वतनाचा हक्क, झालेली मारहाण आणि भरलेला दंड हीं तिन्हीं असतात. तो कागद कोणत्या दप्तरांत बांधणार?

अशा फसव्या शब्दांचीं आणखी कांहीं उदाहरणें देतों. ‘राजीनामा’ म्हणजे आज नोकरी सोडल्याचें पत्र. जुन्या वादांत मात्र ‘सभा जो निवाडा करील तो मान्य’ अशी पक्षकाराची लेखी कबुली. हा भेद न जाणल्यास वाद लढणारा पाटील पाटिलकी सोडून गेला असें वाटावयाचें. ‘शुद्धिपत्र’ म्हटलें कीं आजच्या वाचकास छापखान्यांतील चुकांची यादी आठवते; जुन्या कागदांत तें प्रायश्चित्तानंतर जातींत परत घेतल्याचें पत्र. ‘साहस’ आज कौतुकाचा शब्द आहे; धर्मशास्त्रांत तें बलात्कारानें, उघडपणें केलेलें दुष्कृत्य. ‘दरोडा’ या शब्दास १८६० च्या कायद्यानें पांच किंवा अधिक माणसांची अट घातली आणि नव्या संहितेंतहि ती कायम आहे. जुना ‘दरवडा’ माणसें मोजीत नाहीं, अचानक घाला पडला म्हणजे झालें. ‘बदअमल’ या सदराखालीं व्यभिचाराबद्दल दंड घेतलेले आढळतात. आणि व्यभिचार हा दंडसंग्रहांतील गुन्हा तर सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं रद्द ठरविला. म्हणजे एका काळचा गुन्हा दुसऱ्या काळीं गुन्हाच राहत नाहीं. मग एका काळाच्या शब्दानें दुसऱ्या काळाचा कागद मोजावा कसा?

येथें कोणी विचारील, कीं मग आमच्या पूर्वजांस कर्ज बुडविणें आणि गळा कापणें यांतील फरक कळत नव्हता काय? असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. स्मृतींत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांत ऋणादानाबरोबर स्तेय, साहस, वाक्पारुष्य व दण्डपारुष्य हीं स्वतंत्र आहेत. स्तेय आणि साहस यांतील सीमाहि मनूनें आंखून दिली आहे: धन्यासमक्ष बळानें केलें तें साहस, त्याच्या पाठीमागें केलें तें स्तेय. कृत्य जाणून केलें कीं नकळत घडलें, हा विचार प्रायश्चित्त ठरवितांना केला जाई. फितवा, हरामखोरी यांसारख्या गोष्टींत कोणी फिर्याद करण्याची वाट न पाहतां सरकार स्वतः पारिपत्य करी. तात्पर्य, भेद होते. पण ते आजच्या रेषांवर नव्हते. आज खुनाच्या खटल्यांत वादी राज्य असतें. त्या काळीं बहुतेक कज्जांत वादी स्वतः पीडित किंवा त्याचें गोत असे. ही मांडणी समजून घेणें हेंच संशोधकाचें काम. तिच्यावर आपली मांडणी लादल्यास कागद मुका होतो.

हा केवळ कोशकारांचा वाद आहे असेंहि कोणी समजूं नये. रामोशी हे पुष्कळ गांवीं राखणदार होते. गांवांत चोरी झाली तर माग काढून तो शेजारच्या शिवेपर्यंत पोंचविणें, आणि तें न साधल्यास गेलेला माल भरून देणें, ही त्यांची जबाबदारी. अशा भरपाईचा किंवा दंडाचा कागद हातीं आला आणि त्यावर ‘रामोशांची गुन्हेगारी’ असें लिहिलेलें दिसलें, तर तो राखणीच्या जबाबदारीचा पुरावा आहे कीं चोरीचा? १८७१ च्या कायद्यानें जन्मानेंच गुन्हेगार अशी एक कोटि निर्माण केली. १९२४ सालीं तो कायदा नव्यानें रचला गेला आणि १९५२ सालीं रद्द झाला. महाराष्ट्रांतील विमुक्त जातींच्या यादींत रामोशी आजहि आहेत. कायदा गेला, पण एखाद्या यादींतील चुकीच्या चिठ्ठीनें तोच कलंक अडीचशें वर्षें मागें नेऊन चिकटवितां येतो, आणि त्यास ‘अस्सल कागदाचा आधार’ हि मिळतो. म्हणून ही चूक क्षम्य मानण्यास आम्ही तयार नाहीं.

संग्राहकांस आमची सूचना थोडकी आहे. यादींत मूळ शब्द जसाच्या तसा नोंदावा. आजचा अर्थ वेगळ्या रकान्यांत द्यावा, आणि संशय असल्यास तो रकाना रिकामा ठेवावा. रक्कम कोणी, कोणास, कोणत्या निमित्तानें दिली हें कागदांतून शोधावें. निवाड्यापूर्वीं दिली कीं नंतर, हेंहि पाहावें. शेजारीं ‘हरकी’ची नोंद आहे काय याचा तपास करावा, ती सांपडली तर बहुधा वाद हक्काचा आहे असें समजावें. इतकें केल्यावरच कोणा मृत मनुष्यास गुन्हेगार म्हणावें. जिवंत मनुष्यास तसें म्हणण्यापूर्वीं न्यायाधीश पुरावा मागतो. मृतास तर उत्तर देण्याचीहि सोय नाहीं. त्याचा वकील म्हणजे त्याचा कागद, आणि त्या कागदाचें तोंड उघडणें वाचकाच्या हातीं आहे. सुज्ञांस अधिक सांगणें नलगे.