शरदांतील दोन जत्रा

शरद ऋतु आम्हांस चांदण्याचा आणि सणांचा म्हणून ठाऊक आहे. तो मृतांचाही ऋतु आहे हें आपण सोयीस्करपणें विसरतों. भाद्रपदाच्या वद्य पक्षांत पितर दारीं येतात. आश्विन वद्य त्रयोदशीस, म्हणजे धनत्रयोदशीस, अपमृत्यु टळावा म्हणून यमाच्या नांवानें दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतात. आणि दुसऱ्या पहांटे नरकासुराच्या नांवानें कारीट फोडतात. तेव्हां शरदांत भयाची जत्रा भरते ही कल्पना कोणा परक्या लेखकानें मांडली, तरी ती आपणांस अगदींच अनोळखी वाटण्याचें कारण नाहीं.

रे ब्रॅडबरी (१९२०–२०१२) या अमेरिकन लेखकाची ‘समथिंग विकेड धिस वे कम्स’ ही कादंबरी १९६२ सालीं प्रसिद्ध झाली. नांव ‘मॅक्बेथ’मधील चेटकिणीच्या तोंडचें आहे. कथानक थोडक्यांत असें: ऑक्टोबरच्या अखेरीस, रात्रीं तीन वाजतां, एका लहानशा गांवाच्या माळावर आगगाडीनें एक जत्रा येऊन उतरते. तींत आरशांचा भुलभुलैया आहे, अंगभर गोंदलेला मालक आहे, आणि लाकडी घोड्यांचें एक चक्र आहे. हें चक्र पुढें फिरलें कीं दर फेऱ्यागणिक बसणाराचें वय एका वर्षानें वाढतें. उलट फिरलें कीं तितकेंच घटतें. तेरा वर्षांच्या दोन मुलांना हें गुपित कळतें, आणि एकाच्या बापाच्या मदतीनें तीं त्या संकटांतून सुटतात.

या कादंबरीचें खरें बळ भुतांत नाहीं, चक्रांत आहे. जत्रेचा मालक कोणावर बळजबरी फारशी करीत नाहीं. ज्याला जें हवें तेंच तो देतो. मुलांच्या शाळेंतील प्रौढ मास्तरीणबाईंस पुन्हां तरुण व्हावयाचें असतें. त्या होतात लहान मुलगी, आणि ओळखीचें एकही माणूस त्यांस ओळखीत नाहीं म्हणून झाडाखालीं बसून रडतात. आमच्या मतें संपूर्ण ग्रंथांतील हा सर्वांत भयंकर प्रसंग होय. त्यांत रक्त नाहीं, किंकाळी नाहीं. मागितलेला वर मिळाल्याचें दुःख मात्र आहे. नायकाचा बाप चौपन्न वर्षांचा, वाचनालयांत झाडलोट करणारा. मुलाबरोबर आपल्याला धांवतां येत नाहीं ही त्याची खंत जत्रेला अचूक हेरतां येते. प्रौढ वाचकास हें पान वाचतांना स्वतःचे गुडघे आठवल्यावांचून राहणार नाहींत.

दोषही सांगितले पाहिजेत. लेखकाची भाषा उपमांनीं इतकी लगडलेली आहे कीं कित्येक ठिकाणीं गोष्ट पुढें सरकतच नाहीं. त्याहून मोठा दोष शेवटाचा. हंसणें हाच या पापावरचा उतारा असें लेखक ठरवितो. बंदुकीच्या गोळीवर कोरलेल्या हास्यानें चेटकीण मरते, गाण्यानें आणि नाचानें मेल्यासारखा पडलेला मुलगा उठतो. ज्या भयाची मुळें मनुष्याच्या आयुष्याच्या लालसेंत आहेत असें दोनशें पानें दाखविलें, तें इतक्या स्वस्तांत कसें संपतें? जत्रा मोडते, गांव होतें तसें राहतें. वाचकास सुटकेचा श्वास मिळतो, उत्तर मिळत नाहीं.

हें उत्तर शोधतांना आम्हांस आपल्याच सातपुड्यांतील एक जत्रा आठवते. नंदुरबार जिल्ह्यांत, अक्राणीच्या डोंगराळ मुलखांत, चार हजार फुटांहून उंच असा अस्तंबा नांवाचा डोंगर आहे. दरवर्षीं धनत्रयोदशीच्या सुमारास महाराष्ट्र, गुजराथ व मध्य प्रदेश या तिन्ही प्रांतांतून हजारों माणसें, बहुतेक आदिवासी तरुण, तळोद्याच्या बाजूनें रात्रीचा डोंगर चढतात. ज्याच्या दर्शनास ते जातात तो अश्वत्थामा. द्रौपदीच्या पांच झोंपलेल्या पुत्रांस त्यानें रात्रीं मारलें. त्याच्या मस्तकावरचा मणि काढून घेतला गेला. आणि महाभारताच्या सौप्तिक पर्वांत श्रीकृष्णानें त्यास तीन हजार वर्षें पू-रक्ताच्या दुर्गंधीसह एकाकी भटकण्याचा शाप दिला. लोकसमजुतीनें ही मुदत काढून टाकली. तो अजून या डोंगरांत हिंडतो, जखमेसाठीं तेल मागतो, आणि वाट चुकलेल्यास वाटही दाखवितो, असें तेथें मानतात.

आतां दोन्ही जत्रा शेजारीं ठेवून पाहाव्यात. ब्रॅडबरीच्या कथेंत वाईट बाहेरून येतें, फसवून येतें, आणि त्याला हांकलून द्यावयाचें असतें. अस्तंब्यावर उलट: शापित तो डोंगरावरच आहे आणि माणसें होऊन त्याच्याकडे चालत जातात. तेथें वाढीव आयुष्य विकत मिळतें. येथें न संपणारें आयुष्य हीच शिक्षा आहे. ज्या तिथीस शहरांतील घरोघरीं मरण टळावें म्हणून यमासाठीं दिवा लागतो, त्याच सुमारास ही माणसें ज्याला मरण मिळत नाहीं त्याच्या भेटीस निघतात. त्याच्या पापाचा विसर त्यांना पडलेला नाहीं. पण जखमेला तेल मागणारास तें द्यावें, इतकें त्यांना कळतें. अमेरिकन लेखकानें हास्यानें सोडविलेला प्रश्न येथें करुणेनें, आणि न सोडवितां, धरून ठेवलेला आहे. आमच्या मतें हें अधिक प्रौढ साहित्य आहे, मग तें कोणीं लिहिलें नसलें तरी.

सुशिक्षित वाचक म्हणेल, ही अंधश्रद्धा. विश्वास ठेवा असें आम्ही म्हणत नाहीं. वाचा असें म्हणतों. धर्मवीर भारतींनीं ‘अंधा युग’ या हिंदी नाटकांत महायुद्धानंतरच्या माणसाचा चेहरा अश्वत्थाम्यांत पाहिला. मराठींत नारायण धारपांसारख्या लेखकानें भयकथेला मोठा वाचक मिळवून दिला. पण इंग्रजी कथांचा आधार तीस वारंवार घ्यावा लागला, आणि दारची ही जत्रा आमच्या वाचनांतील भयकथांच्या दृष्टीस क्वचितच पडली.

आणि याच जिल्ह्याच्या वायव्य टोंकास, नर्मदेच्या कांठीं, मणिबेली आहे. परिक्रमेच्या वाटेवरचें शूलपाणीचें अरण्य हें, आणि येथेंही अश्वत्थामा भेटतो अशी परिक्रमावासीयांची जुनी श्रद्धा. सरदार सरोवराच्या बुडितांत येणारें महाराष्ट्रांतील हें पहिलें गांव. १९९४ सालीं मोठ्या धरणांस जागतिक बँकेनें पैसा देऊं नये अशी मागणी जगांतील शेंकडों संस्थांनीं केली, तिला ‘मणिबेली जाहीरनामा’ असेंच नांव पडलें. शूलपाणेश्वराचें प्राचीन मंदिर पाण्याखालीं गेलें. नवें गुजराथेंत गोरा येथें उभें राहिलें. धरणाचा लाभ किती व कोणास, हा या लेखाचा विषय नव्हे.

विषय एवढाच कीं, ब्रॅडबरीच्या गांवीं जत्रा आली, गेली, आणि गांव राहिलें. मणिबेलीस आगगाडी आली नाहीं, वाद्यें वाजलीं नाहींत. मोजणीदार आले, उंचीचे आंकडे आले, आणि मग पाणी आलें. हें येणें दिवसाढवळ्या होतें, म्हणून त्याला भयकथा म्हणण्याचें कोणास सुचलें नाहीं. आमच्या भयकथेनें जुन्या वाड्याच्या माजघरांतून बाहेर पडून एकदां या नदीकांठीं यावें. चिरंजीवांच्या यादींत ज्याचें नांव आपण रोज सकाळीं पहिलें घेतों, तो आपल्या ओळखीचा डोंगर व कांठ बदललेला पाहून कोणाकडे तेल मागत असेल, हें एखाद्या मराठी लेखकानें लिहिलें, तर आम्ही तें ब्रॅडबरीच्या आधीं वाचावयास घेऊं.