2, 8, 2 ओळखलं, पण मँगनीजचं काय?

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1' मधलं दुसरं प्रकरण, 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण', तुम्हाला आठवत असेल. स्वाध्यायात एक प्रश्न आहे: मूलद्रव्याचं इलेक्ट्रॉन संरूपण 2, 8, 2 आहे, अणुअंक, गण आणि आवर्त सांगा, शिवाय दिलेल्यांपैकी ते कोणासारखं वागेल तेही सांगा. बेरीज 12. शेवटचा आकडा 2, म्हणून गण 2. तीन कवचं, म्हणून आवर्त 3. वागणं बेरिलिअमसारखं. झाले मार्क वसूल.

माझा आक्षेप एवढाच, की यात 'ओळखणं' कुठेच नाही. संरूपण दिलं म्हणजे उत्तरच दिलं. पोस्टमनच्या हाती पूर्ण पत्ता द्यायचा आणि घर सापडलं म्हणून शाबासकी द्यायची, तसला हा प्रकार. खरी अडचण उलट्या दिशेची असते. समोर दगड असतो, भुकटी असते, गुणधर्म थोडेफार माहीत असतात. पत्ता आपल्याला लावायचा असतो.

त्याच प्रकरणात याचं उत्तम उदाहरण आहे: गॅलियम. मेंडेलीव्हने रिकामी जागा सोडून 'एका-ॲल्युमिनिअम'चं भाकीत केलं आणि 1875 मध्ये लेकॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला वर्णपटातल्या जांभळ्या रेषांवरून ते सापडलं. त्याने घनता मोजली, आली 4.7. मेंडेलीव्हचं म्हणणं पडलं की ती 5.9 च्या आसपास हवी, नमुना नीट शुद्ध करून बघा. पुन्हा मोजली तर खरंच 5.9! ज्याने पदार्थ डोळ्यांनीही पाहिला नव्हता, त्याने हातात पदार्थ असलेल्याचं मोजमाप सुधारलं. आवर्तसारणीची ताकद ही आहे. आपण मात्र मुलांकडून 2 + 8 + 2 करून घेतो.

आता नागपूरकडे या. इथून रामटेकच्या बाजूला मनसर, कांद्री, तिकडे सावनेरजवळ गुमगाव. या सगळ्या मँगनीजच्या खाणी. मॉइलचं मुख्यालयही नागपुरातच. तेव्हा आपल्या घरच्या मूलद्रव्यावर तोच नियम लावून बघू. मँगनीजचा अणुअंक 25, संरूपण 2, 8, 13, 2. शेवटचा आकडा 2, म्हणजे गण 2? नाही. मँगनीज बसतं 7 व्या गणात. बरं, हा एकटाच अपवाद असता तर चाललं असतं. अणुअंक 21 ते 30 या दहापैकी आठ मूलद्रव्यांचा शेवटचा आकडा 2 आहे, आणि त्यातलं एकही दुसऱ्या गणात नाही. हेलिअमचं संरूपण तर नुसतं 2. ते थेट 18 व्या गणात.

तुम्ही म्हणाल, नियम पहिल्या वीस मूलद्रव्यांपुरता आहे, दहावीच्या पोरांना एवढं पुरे. मान्य. पण नियम कुठे मोडतो हे कळलं नाही तर तो का चालतो हेही कळत नाही. आणि मँगनीज नेमकं तेच शिकवतं. इथल्या ब्राउनाइट या खनिजात काही मँगनीजची संयुजा 2 असते, बाकीच्याची 3. बॅटरीच्या काळ्या पुडीत, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडमध्ये, ती 4. विहिरीत टाकायच्या जांभळ्या खड्यांत, म्हणजे पोटॅशिअम परमँगनेटमध्ये, 7. बाहेरचे दोन आणि आतल्या कवचातले पाच, असे सातही इलेक्ट्रॉन कामाला लागतात. या परमँगनेटचे स्फटिक पोटॅशिअम परक्लोरेटच्या स्फटिकांशी इतके जुळतात की दोन्ही मिळून एकच स्फटिक बनू शकतो. म्हणून मेंडेलीव्हने मँगनीजला क्लोरीनच्या सातव्या गणात बसवलं होतं. धातू आणि वायू एका गणात! आज ते वेगळे केलेत, पण त्याची नजर चुकीची नव्हती.

मग आजच्या प्रयोगशाळेत मूलद्रव्य ओळखतात कसं? दगडावर क्ष-किरण मारतात आणि परत येणाऱ्या किरणांची ऊर्जा मोजतात. मोस्लेने 1913 मध्ये दाखवलेला हिशेब दहावीलाही जमेल: अणुअंकातून 1 वजा करा, वर्ग करा, 10.2 ने गुणा. मँगनीजसाठी 24 × 24 × 10.2, म्हणजे सुमारे 5875 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. प्रत्यक्षात येतात 5900 च्या जवळ. शेजारच्या लोखंडाचे 6375, प्रत्यक्षात 6400.

गंमत पुढे आहे. मँगनीजची दुसरी, लहान रेषा येते 6490 ला. नेहमीच्या उपकरणाला 6400 आणि 6490 वेगळे दिसत नाहीत, एकच उंचवटा दिसतो. मग या दगडात लोखंड आहे की नाही? खनिजाची प्रत ठरवताना हा प्रश्न पैशाचा असतो. उत्तरासाठी दुसरा पुरावा लागतो: लोखंडाची स्वतःची लहान रेषा, 7060 च्या आसपास. ती सापडली तर लोखंड आहे. एका खुणेवर नाव ठेवायचं नाही, दुसरी खूण जुळवायची. ओळखणं म्हणतात ते याला.

म्हणून 2, 8, 2 काढून टाका असं मी म्हणत नाही. एक गुण त्याला राहू द्या. पण सोबत असाही प्रश्न येऊ द्या: 'एका धातूच्या संयुगांत संयुजा 2, 3, 4 आणि 7 आढळते. त्याच्या क्ष-किरणांची ऊर्जा सुमारे 5900 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. धातू कोणता? शेवटच्या कवचात दोनच इलेक्ट्रॉन असूनही तो दुसऱ्या गणात का नाही?' तपासायला वेळ लागेल, उत्तरं एकसारखी येणार नाहीत. पण मनसरच्या एखाद्या पोराला तरी कळेल की गावच्या काळ्या दगडाला आवर्तसारणीत स्वतःची जागा आहे, आणि ती कोणी पाठ करून नव्हे, पुरावे जुळवून दिलेली आहे.