सगळ्यांनाच 'फुलफॉर्म' कसा असेल?

अलिबागजवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला होता. एका वर्गाने भिंतभर तक्ता लावला होता : 'शॉर्टफॉर्म आणि त्यांचे फुलफॉर्म'. एसटी, रो-रो, सोनार, लेसर, पीएच, एसओएस आणि शेवटी 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ! अक्षर सुरेख, मेहनत भरपूर. पण काही उत्तरे साफ चुकीची. दोष मुलांचा नव्हता. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून त्यांनी ती जशीच्या तशी उतरवली होती. 'न्यूज' हा 'न्यू', म्हणजे नवे, यावरून आलेला साधा शब्द आहे. दिशांशी त्याचा काही संबंध नाही.

असे का होते? आपण आखूड दिसणाऱ्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला सरसकट 'शॉर्टफॉर्म' म्हणतो. इंग्रजीत मात्र त्यांच्या जाती निरनिराळ्या आहेत. अक्षरे सुटी उच्चारली तर तो 'इनिशियलिझम'. आपली एसटी त्यातली. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर ती पहिल्यांदा धावली. मूळ शब्द 'स्टेट ट्रान्सपोर्ट', म्हणजे कारभाराचे नाव. ते गाडीलाच चिकटले आणि खेड्यापाड्यांत तिची 'यष्टी' झाली. आद्याक्षरे जुळवून एकच शब्द वाचला तर 'ॲक्रोनिम', उदाहरणार्थ रडार. आणि शब्दाचा नुसता तुकडा ठेवला तर 'क्लिपिंग'. 'बस' हा 'ओम्निबस' या लॅटिन शब्दाचा तुकडा आहे. ओम्निबस म्हणजे 'सर्वांसाठी', आणि 'बस' हा त्यातला केवळ विभक्तीचा प्रत्यय! या जाती ओळखल्या नाहीत की प्रत्येकाला फुलफॉर्म असलाच पाहिजे असे वाटते, आणि नसला तर कोणीतरी तो बनवून देतो.

पूर्ण रूप निरुपयोगी असते असे मात्र आमचे म्हणणे नाही. रो-रो पाहा. 'रोल ऑन, रोल ऑफ', म्हणजे चाकांवरून चढायचे आणि चाकांवरूनच उतरायचे. मार्च २०२० पासून मांडव्याला मोटारी अशाच बोटीत चढतात. त्याच्या कितीतरी आधी, १९९९ पासून, आपल्याच जिल्ह्यातल्या कोलाडला मालाने भरलेले ट्रक कोकण रेल्वेच्या वाघिणींवर चढू लागले. तीही रो-रोच. उलट १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरात कंटेनर क्रेनने उचलून ठेवतात. त्या पद्धतीला 'लो-लो' म्हणतात : 'लिफ्ट ऑन, लिफ्ट ऑफ'. इथे पूर्ण रूप कळले की कामाची रीतच कळते.

सोनारचे पूर्ण रूप निम्मेच काम करते. 'साऊंड नॅव्हिगेशन अँड रेंजिंग' पाठ करून अंतर कसे मोजतात ते कळत नाही. मच्छीमार नौकांवरचे फिशफाइंडर याच तत्त्वावर चालते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परतला तर जाण्यायेण्याचे अंतर ६० मीटर, म्हणून खोली ३० मीटर. प्रदर्शनात हा हिशेब एका कोळ्याच्या मुलीने आम्हाला तोंडी करून दाखवला. तक्त्यावर तो नव्हता.

लेसरचे पूर्ण रूप तर दिशाभूलही करते. त्यात 'ॲम्प्लिफिकेशन' म्हणजे प्रवर्धन आहे; पण नेहमीच्या लेसरमध्ये दोन आरशांच्या मध्ये प्रकाश पुन्हा पुन्हा फिरून स्वतःच टिकून राहतो, म्हणजे ते उपकरण खरे तर आंदोलक असते. पीएचची कथा आणखी वेगळी. सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही संज्ञा वापरली. त्यातला 'पी' कशाचा यावर अभ्यासकांत एकमत नाही. आपली पुस्तके मात्र 'पोटेन्शियल ऑफ हायड्रोजन' असे ठणकावून सांगतात. वर्गात सांगायचे ते हे, की पीएच एकाने उतरला तर हायड्रोजन आयनांची संहती दसपट होते. समुद्राच्या पाण्याचा पीएच सुमारे ८ असतो. ७ म्हणजे 'थोडासाच कमी' नव्हे.

किनाऱ्यावरच्या मुलांनी एसओएसचे उत्तर तरी चुकू नये असे आम्हाला फार वाटते. 'सेव्ह अवर सोल्स' हा अर्थ मागाहून जोडलेला आहे. १९०६ च्या बर्लिन परिषदेत हा संकेत आंतरराष्ट्रीय ठरला तो मोर्स लिपीतल्या ठेक्यामुळे : तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे, मध्ये खंड न घेता. गोंगाटातही तो चटकन ओळखू येतो. अक्षरांना अर्थ नाही, ठेक्याला आहे.

आम्ही हे सांगितल्यावर त्या मुलीने लगेच बाकावर तो ठेका वाजवून पाहिला. वर्गशिक्षिका मात्र विचारात पडल्या. "सर, स्पर्धापरीक्षेत हाच प्रश्न येतो आणि चार पर्यायांत 'सेव्ह अवर सोल्स' असतेच. मुलांनी खूण कुठे करायची?" गुण मिळवून देणारे उत्तर आमच्याजवळ नव्हते.